नोकरी सांभाळून जेएलपीटी देताना

जेएलपीटी म्हणजे जपानी भाषा कितपत येते ते बघणारी परीक्षा. तिला वयाची अट नाही. खालची पातळी पास झाल्याशिवाय वरचीला बसता येत नाही, असंही नाही. एन-फाइव्ह सगळ्यांत सोपी, एन-वन सगळ्यांत अवघड. थेट एन-फोरचा फॉर्म भरलात तरी कोणी अडवत नाही. तरीही नोकरी करत शिकणाऱ्यांना मी म्हणेन, एन-फाइव्ह द्याच. नोकरीच्या बाजारात तिला फारशी किंमत नाही, पण घड्याळाकडे बघत उत्तरपत्रिकेवर गोळे काळे करायची सवय कॉलेज सुटल्यापासून पार मोडलेली असते. ती परत लागायला सोपा पेपर बरा.

व्याकरणाची धास्ती नको. क्रियापद शेवटी आणि नामाला मागून चिकटणारे शब्द, हे आपल्याला घरचंच आहे. या चिकटणाऱ्या शब्दांना जपानीत 'जोशी' म्हणतात. पुण्यातल्या वर्गात एखादा खरा जोशी असतोच, त्यामुळे तो विनोद दर बॅचला होतो. मात्र मराठीच्या भरवशावर फार पुढे जाऊ नका. 'पुण्यात राहतो' आणि 'पुण्यात काम करतो' या दोन्हींत आपला 'त' एकच. जपानीत राहण्याला 'नि' लागतो आणि काम करण्याला 'दे'. पेपरात रिकामी जागा बरोबर तिथेच सोडलेली असते.

मोठ्या माणसांचं खरं अडतं ते लिसनिंगला. आपण शिकतो वहीपुस्तकातून, रात्री जेवणं आटोपल्यावर. कांजी, म्हणजे जपानीतली चिनी वळणाची अक्षरं, गिरवली की अभ्यास झाल्यासारखं वाटतं. एन-फाइव्हला 180 पैकी 80 गुणांना पास, पण त्यात मेख आहे. लिसनिंगला 60 पैकी निदान 19 हवेतच आणि शब्द, व्याकरण, वाचन मिळून 120 पैकी 38. एकूण शंभरावर गेलात आणि लिसनिंगला 18 पडले, तर नापास.

ऑडिओ एकदाच वाजतो. सुरुवातीच्या प्रश्नांत आधी प्रश्न ऐकवतात, मग संवाद, मग परत तोच प्रश्न. पहिल्यांदा प्रश्न निसटला की संवादात नेमकं काय पकडायचं हेच कळत नाही. संवाद असा असतो: भेटायचं कधी? मंगळवारी? मंगळवारी जरा... मग बुधवार? बुधवारी मीटिंग आहे. बरं, गुरुवारी. तिन्ही वार पर्यायांत हजर! त्यातलं ते 'जरा', म्हणजे 'च्योत्तो' म्हणून वाक्य अर्धवट सोडणं, हा नकार असतो; तिथे मंगळवारवर काट मारून पुढे सरकायचं. प्रश्नपत्रिकेवर अशा खुणा करायला मुभा आहे. शेवटच्या भागात तर छापलेलं काहीच नसतं, एक वाक्य आणि त्यावरची तीन उत्तरं फक्त कानांवर पडतात. आधीच्या प्रश्नावर विचार करत बसलात की पुढचाही गेला. शेवटी गोळे भरायला वेगळा वेळ देत नाहीत, म्हणून तिथल्या तिथे भरा.

तयारी म्हणाल तर रोज थोडं, पण रोज ऐका. बसमध्ये, भांडी घासताना, कसंही. जेएलपीटीच्या अधिकृत साइटवर नमुना प्रश्न ऑडिओसह फुकट मिळतात. तेच पुन्हा पुन्हा ऐकून संवादाबरोबर मोठ्याने बोला. घरचे हसतील, हसू द्या.

परीक्षा जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी असते. महाराष्ट्रात पुणे आणि मुंबई ही केंद्रं. फॉर्म कित्येक महिने आधी भरावे लागतात आणि जागा लवकर संपतात, तेव्हा ऑफिसचं वेळापत्रक बघून मग ठरवू असं म्हणत बसू नका. एचबी पेन्सिल, खोडरबर आणि साधं काट्यांचं घड्याळ न्या. स्मार्टवॉच चालत नाही. परीक्षा चालू असताना मोबाईल वाजला तर लाल कार्ड, म्हणजे सरळ बाहेर.

जुलैचा निकाल ऑगस्टअखेर ऑनलाइन लागतो, डिसेंबरचा जानेवारीअखेर. एन-फाइव्ह चांगल्या गुणांनी सुटली तर एन-फोर पुढच्या खेपेला जमते. एन-थ्रीला मात्र वाचनाचे 60 गुण वेगळे धरतात आणि त्यातही किमान 19 लागतात. उतारे लांब, वेळ तुटपुंजा. नोकरी असेल तर मधली एक परीक्षा बिनधास्त सोडा आणि एन-थ्रीला वर्षभर द्या.