मुलाला हरणाच्या शिकारीला नेताना या चुका टाळा

भारतात वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार हरणाची शिकार हा गुन्हा आहे. इथे लिहिलेलं सगळं अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यापुरतं आहे. तिथे पांढऱ्या शेपटीच्या हरणाची शिकार परवाना काढून करता येते. थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरअखेरच्या सणाच्या) आधीच्या शनिवारी बंदुकीचा नऊ दिवसांचा हंगाम सुरू होतो. पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ऑक्टोबरच्या सुरुवातीला दोन दिवस वेगळे राखलेले असतात. मॅडिसन-मिलवॉकीकडे वाढणारं मराठी पोर मित्रांच्या गप्पा ऐकून येतं आणि म्हणतं, ‘बाबा, मलाही जायचंय.’ बाबांनी तोवर दिवाळीतल्या टिकल्यांच्या पिस्तुलापलीकडे काही हाताळलेलं नसतं. चुका तिथूनच सुरू होतात.

कागदपत्रं गृहीत धरणं

१ जानेवारी १९७३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला शिकारीचा परवाना घेण्याआधी हंटर एज्युकेशनचा कोर्स करावा लागतो. याला एक पळवाट आहे, ती म्हणजे ‘मेंटॉर्ड हंट’. कोर्स न केलेलं मूल जाणत्या माणसाच्या हाताच्या अंतरावर राहून शिकार करू शकतं, आणि २०१७ पासून त्याला किमान वयाची अट उरलेली नाही. पण बरोबरच्या माणसाचं वय अठरापेक्षा कमी चालत नाही, त्याचा जन्म १९७३ च्या आधीचा नसेल तर स्वतःचा कोर्स झालेला असावा लागतो आणि त्या वर्षीचा परवानाही हवा. म्हणजे ‘पोराला परवाना काढला, मी नुसता सोबत जातो’ हे चालत नाही. कोर्स दोघांनी एकत्र करा. पळवाट असली तरी करा.

मराठी घरांत हमखास निसटणारी गोष्ट व्हिसाची आहे. एच-वन-बी, एच-फोर, एफ-वन अशा तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाने बंदूक किंवा काडतुसं बाळगणं संघराज्याच्या कायद्याने गुन्हा आहे. वैध शिकार परवाना हातात असणं हा त्यातला नेहमीचा अपवाद. नियम मुलालाही तसाच लागू होतो. विस्कॉन्सिनचं परवाना-वर्ष ३१ मार्चला संपतं, त्यामुळे एप्रिलमध्ये कपाटातली रायफल तीच असली तरी तुमची कायदेशीर स्थिती तीच राहत नाही. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. बाकीच्यांनी बंदूक विकत घ्यायच्या आधी इमिग्रेशनच्या वकिलाचा अर्धा तास विकत घ्यावा, तो स्वस्त पडतो.

मोठ्या माणसाची बंदूक

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक हीच. मित्राच्या वडिलांकडची थर्टी-ऑट-सिक्स, म्हणजे मोठ्या काडतुसाची रायफल, उसनी आणली जाते. पहिल्या बाराला मुलाच्या खांद्याला असा दणका बसतो की दुसऱ्या बारापासून ते चाप ओढायच्या आधीच डोळे मिटून खांदा मागे घेतं. ही सवय लागायला दोन गोळ्या पुरतात आणि मोडायला आख्खा हंगाम जातो.

मुलासाठी २४३ विंचेस्टर ही जुनी, खात्रीची निवड आहे. तिचा धक्का थर्टी-ऑट-सिक्सच्या निम्म्याच्या आसपास असतो. सेव्हन एमएम-झिरो-एट किंवा ३५० लेजंडही चालते. धक्क्याइतकंच दस्त्याच्या लांबीकडे पाहा. मोठ्यांच्या रायफलीत चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंत साडेतेरा इंचांच्या आसपास अंतर असतं, मुलांच्या रायफलीत सुमारे बारा ते साडेबारा. दस्ता लांब पडला की मूल मान पुढे ताणतं, डोळा स्कोपच्या (नेमाच्या दुर्बिणीच्या) फार जवळ जातो आणि बार उडताच स्कोपची कड भुवईत घुसते. स्कोप आणि डोळा यांत साडेतीन इंचांच्या आसपास अंतर राहिलं पाहिजे. घरातली तपासणी सोपी आहे. बंदूक रिकामी आहे ना हे दोनदा बघा. मुलाला जाड हिवाळी जॅकेट घालूनच बंदूक खांद्याला लावायला सांगा. डोळे मिटून लाव, मग उघड. उघडल्याबरोबर स्कोपमधलं पूर्ण वर्तुळ दिसलं तर माप बरोबर. कडेला काळी चंद्रकोर दिसली तर स्कोप पुढेमागे सरकवा किंवा दस्ता बदला.

सराव बावीसच्या रिमफायर, म्हणजे छोट्या काडतुसाच्या रायफलीवर करा, तोही शेकड्यांनी. हरणाच्या रायफलीने एका वेळी तीन ते पाच बार, बस्स. कानात बोळे आणि वर इअरमफ, दोन्ही हवेत. धक्का वाटतो त्यातला बराच भाग खरं तर आवाजाचा असतो.

टेबलावर नेम शिकवून जंगलात नेणं

रेंजवर मूल सिमेंटच्या टेबलाशी बसतं, बंदूक वाळूच्या पिशव्यांवर ठेवतं आणि शंभर यार्डांवर छान नेम लागतो. जंगलात ना टेबल ना पिशव्या. तेव्हा टेबलाचं काम बंदूक झीरो करण्यापुरतं, म्हणजे स्कोपचा नेम आणि गोळी एका जागी आणण्यापुरतं. त्यानंतरचा सगळा सराव तिथे वापरायच्या घडीच्या खुर्चीवर बसून, त्याच तिपाईवर रायफल टेकवून करा.

अंतराची मर्यादा कशी ठरवायची? हरणाचं काळीज-फुफ्फुसाचं क्षेत्र साधारण आठ इंच व्यासाचं असतं, म्हणून आठ इंचांची कागदी ताटली लावा. पंचवीस यार्डांवर पाचपैकी पाच गोळ्या ताटलीत गेल्या तर पन्नासवर जा, मग पंचाहत्तरवर. जिथे एक गोळी बाहेर पडली त्याच्या आधीचं अंतर ही मुलाची हद्द. बहुतेक मुलांची पहिल्या वर्षीची हद्द पन्नास ते पंचाहत्तर यार्ड निघते. बसायच्या जागेपासून त्या अंतरावरच्या झाडांना आदल्या दिवशी फिती बांधा, म्हणजे ऐनवेळी वाद नको.

नेम कुठे धरायचा हे ‘खांद्यामागे’ एवढं सांगून भागत नाही, कारण हरीण नेहमी आडवं उभं राहत नाही. मुलाला गोळी बाहेर कुठून पडेल याचा विचार करायला शिकवा. हरीण पूर्ण आडवं असेल तर पुढच्या पायाच्या मागच्या कडेवरून वर, पोटाच्या रेषेपासून एक तृतीयांश उंचीवर. तिरकं, तोंड पलीकडे करून उभं असेल तर पलीकडच्या पुढच्या पायाच्या रोखाने. समोरून, मागून, डोक्यावर किंवा मानेवर नेम नाही. पुठ्ठ्याचं हरीण कापा, काळीज-फुफ्फुसं रंगवा आणि ते वेगवेगळ्या कोनांत फिरवून विचारा, ‘आता कुठे?’ ‘आता मारायचं नाही’ हेही बरोबर उत्तर असतं, आणि त्याला शाबासकी द्या.

मचाणावर चढवणं

मचाणावरून पडणं हे तिथल्या शिकारी मोसमातल्या जखमांचं मोठं कारण आहे. मोठ्यांचा हार्नेस (पडू नये म्हणून अंगाला बांधायचा पट्टा) मुलाला ढिला होतो. त्याच्या पट्टीवर किमान आणि कमाल वजन छापलेलं असतं, ते वाचा. पहिल्या दोन-तीन हंगामांत मचाण नकोच, जमिनीवरचा तंबूसारखा ब्लाइंड, म्हणजे लपून बसायचा आडोसा, बरा. त्यात मुलाची चुळबूळ झाकली जाते आणि दोघं खेटून बसता येतं.

ब्लाइंडच्या दोन गमती मात्र माहीत हव्यात. स्कोप नळीच्या वर दीड-दोन इंच असतो, त्यामुळे मुलाला खिडकीतून हरीण स्वच्छ दिसतं, पण नळीचं तोंड खिडकीच्या कडेखाली असतं आणि गोळी कापड फाडून भलतीकडे जाते. बार काढण्याआधी नळीचं तोंड बघणं हे तुमचं काम. दुसरं असं, की आत बसलेल्यांचे नारिंगी कपडे बाहेरून दिसत नाहीत. राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याच्या जमिनीवर बंदुकीच्या हंगामात ब्लाइंडला सर्व बाजूंनी दिसेल असं किमान १४४ चौरस इंच झगझगीत नारिंगी किंवा गुलाबी कापड लावावंच लागतं. खासगी शेतातही लावा. अंगावर कमरेच्या वरचे निम्मे कपडे त्याच रंगाचे हवेत, टोपी घातली तर तीही निम्मी. हरणाला नारिंगी रंग आपल्यासारखा भडक दिसत नाही, त्यामुळे त्याची काळजी नको.

काळजी वासाची करा. फोडणीच्या घरातलं जॅकेट हरणाला दुरून कळतं. शिकारीचे कपडे बिनवासाच्या साबणाने धुऊन झाकणाच्या डब्यात गॅरेजमध्ये ठेवा आणि वारा हरणांच्या वाटेकडून तुमच्याकडे येईल अशी जागा धरा. वारा उलटा असेल तर बाकीची तयारी फुकट गेली.

दिवसभर बसवणं

नऊ-दहा वर्षांचं मूल दोन-तीन तास बसतं, त्यापुढे ती शिक्षा होते. पहाटे चारला उठवण्यापेक्षा दुपारी अडीचला जाऊन अंधार पडेपर्यंत बसा, हरणं संध्याकाळीही फिरतात. मुलाने ‘थंडी वाजतेय’ म्हटलं की निघायचं, ‘अजून दहा मिनिटं’ नाही.

पाय आधी गारठतात, आणि त्याचं कारण बहुधा जास्तीचे मोजे. घट्ट बुटात मोज्यांच्या दोन जोड्या कोंबल्या की रक्त फिरत नाही. एक माप मोठा बूट, एक जाड लोकरी जोडी, पायाखाली फोमचा तुकडा. अंगालगत सुती काही नको, घामाने भिजलेलं सूत वाळत नाही. चालत जाताना जड जॅकेट पाठीवर बांधा, बसल्यावर चढवा.

खाऊ घरूनच मऊ पिशवीत काढून न्या. वेफर्सच्या पाकिटाचा आवाज साठ यार्डांवर ऐकू जातो. चिवड्यालाही ब्लाइंडमध्ये बंदी, बेसनाचा लाडू उत्तम.

दोन बंदुका नेणं

कायदा आता मेंटॉरलाही, म्हणजे बरोबरच्या जाणत्या माणसालाही, स्वतःची बंदूक न्यायला परवानगी देतो. नेऊ नका. तुमच्या मांडीवर बंदूक असली की तुमचं अर्धं लक्ष तिच्यावर, आणि मोठं शिंगाळं समोर आलं की तुमच्यातलाही शिकारी जागा होतो. एकच बंदूक, तीही मुलाची.

पहिल्या वर्षी मॅगझिन भरलेलं, पण चेंबर (नळीमागची काडतुसाची जागा) रिकामं ठेवा. हरीण टप्प्यात आल्यावर काडतूस चेंबरमध्ये ढकलणारा बोल्ट सावकाश तुम्ही सारा. सेफ्टी (चाप अडवणारी कळ) मुलाने काढायची, पण तुम्ही ‘हं’ म्हटल्यावरच, आणि बोट तोवर चापाच्या कड्याबाहेर. हरणामागे काय आहे, रस्ता, घर की नुसतं आभाळ, हे मुलाने तोंडाने सांगितल्याशिवाय ‘हं’ म्हणू नका. टेकडीच्या कडेवर उभ्या हरणावर बार नाही.

मुलाचे हात थरथरतील, श्वास फुलेल. अशा वेळी कानाशी ‘मार, मार, जाईल ते’ पुटपुटणं म्हणजे गोळी पोटात घालवणं. त्याऐवजी तीन श्वास मोजायला लावा. हरीण निघून गेलं तर गेलं.

बार होताच धावत सुटणं

गोळी बसलेलं हरीणही बहुतेकदा पळतं. लगेच मागे गेलात तर ते बसायच्या ऐवजी मैलभर जातं. आधी हरीण उभं होतं ती जागा आणि ते शेवटचं दिसलं ती जागा कुठल्या झाडाशी होती हे ठरवा. मग अर्धा तास थांबा. त्यानंतर उभ्या असलेल्या जागेवर जाऊन रक्त पाहा. गुलाबी, फेसाळ रक्त म्हणजे फुफ्फुस, माग काढा. गडद लाल म्हणजे यकृत असू शकतं, तीन-चार तास थांबा. हिरवट-तपकिरी आणि दुर्गंधी म्हणजे आतडी, सहा ते आठ तास. शेवटच्या रक्ताच्या थेंबाशी टॉयलेट पेपरचा तुकडा ठेवत पुढे सरका. हे काम मुलाला द्या. जमिनीजवळचे डोळे तुमच्यापेक्षा तीक्ष्ण असतात.

हरणापर्यंत मागून जा, लांब काडीने डोळ्याला स्पर्श करून बघा. पापणी हलली नाही तर संपलं. इथे मूल रडू शकतं. ‘मर्द हो’ वगैरे नको, गप्प बसा. पोट फाडणं पाहायचं की नाही हे त्याने ठरवावं, आणि काय दिसेल हे घरी आधीच सांगून ठेवा.

मांस आणि नोंदणी

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत मारलेल्या हरणाची ऑनलाइन किंवा फोनवर नोंदणी करावी लागते. दमून झोपलेले लोक नेमकं हे विसरतात.

विस्कॉन्सिनच्या हरणांत २००२ पासून क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा मेंदूचा रोग सापडतो आहे. बाधित हरणाचं मांस खाऊ नये असा तिथल्या आरोग्ययंत्रणेचा सल्ला आहे, आणि शिजवून रोगकारक प्रथिन मरत नाही. मानेचा चार-पाच इंच भाग ठेवून मुंडकं तपासणीसाठी नमुन्याच्या पेटीत द्या. त्या हरणाचं मांस वेगळ्या पिशव्यांत, तारीख लिहून फ्रीझरात ठेवा. निकाल येईपर्यंत खिमा करायचा नाही, शेजाऱ्याला वाटायचं नाही.

शिशाच्या गोळ्या हाडावर फुटून बारीक कण दूरवर पसरतात, आणि मुलांना शिसं सगळ्यात घातक. म्हणून सुरुवातीपासून तांब्याची गोळी घ्या, २४३ मध्ये ती ८० ते ८५ ग्रेन (गोळीच्या वजनाचं माप) वजनाची मिळते. गोळी बदलली की रायफल पुन्हा झीरो करावी लागते.

शिंगं भिंतीवर लावा, पण आजीला दाखवायला बॅगेत भरून पुण्याला नेऊ नका. हे सांबर नाही, चितळ नाही, विस्कॉन्सिनचं आहे, हे विमानतळावर समजावत बसण्याची वेळ येईल. फोटो पुरे.