थंडीत बोटीवरून कोल्ड फ्रंट कसा ओळखायचा

डिसेंबर ते मार्च बहामाज किंवा मेक्सिकोच्या आखातात बोट घेऊन असाल तर कोल्ड फ्रंट, म्हणजे गार हवेच्या लोंढ्याची पुढची कड, येणारच, प्रश्न फक्त कधी आणि किती जोराचा. आधी मायामीच्या नॅशनल हरिकेन सेंटरचा ऑफशोअर फोरकास्ट, म्हणजे खुल्या समुद्राचा हवामान अंदाज, वाचा (हो, हरिकेन सीझन संपला तरी ते लोक देतातच), मग जीएफएस (अमेरिकन) आणि युरोपियन ही हवामानाची दोन संगणक मॉडेल शेजारी शेजारी उघडा. दोघांत बारा तासांचा फरक दिसला तर जे फ्रंट लवकर आणतंय त्याचं ऐका, मी तरी तेच करतो.

पण खरं बघायचं ते वाऱ्याकडे. नेहमीचा पूर्वेचा वारा आधी आग्नेयेला सरकतो, मग दक्षिण, मग नैऋत्य, बॅरोमीटर खाली येतो, हवा चिकट होते आणि नेमकं तेव्हाच सगळं इतकं छान वाटतं की लोक फसतात. मग वायव्येला क्षितिजावर काळपट ढगांचा पट्टा दिसतो, तो डोक्यावर आला की काही मिनिटांत वारा फिरून वायव्येचा, गार आणि जोरात. म्हणून नांगर टाकताना आत्ताचा वारा विसरा, पश्चिम आणि उत्तरेकडून आडोसा आहे का ते बघा.

गल्फ स्ट्रीम (फ्लोरिडा आणि बहामाजच्या मधला जोरदार समुद्रप्रवाह) ओलांडायचा असेल तर उत्तरेचा वारा असताना अजिबात नाही, प्रवाह उत्तरेकडे वाहतो, वारा समोरून, लाटा भिंतीसारख्या उभ्या राहतात. आणि फोरकास्टमध्ये 2 मीटर लाट लिहिलीय म्हणजे एखादी 4 मीटरचीही येऊ शकते बरं का.