होमोपोलर जनरेटर: चकतीपासून सुरुवात करा

होमोपोलर जनरेटर म्हणजे कमी व्होल्टेजला प्रचंड एकदिश प्रवाह देणारं यंत्र. त्यात फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलेली चकतीच आजही वापरात आहे: चुंबकाच्या ध्रुवांमध्ये धातूची चकती फिरवायची आणि परिघ व शाफ्ट यांच्यामधून प्रवाह काढायचा. इलेक्ट्रिकलवाले व्होल्टेजपासून सुरू करतात. मी मेकॅनिकलची, मी परिघाच्या वेगापासून करते.

समजा, स्टीलची चकती आहे. त्रिज्या ०.३ मीटर, जाडी ०.२ मीटर, ६,००० आरपीएम, चुंबकीय क्षेत्र १.६ टेस्ला. व्होल्टेज जेमतेम ४५, पण साठलेली ऊर्जा सुमारे ४ मेगाज्यूल. पाच लाख अँपिअर ओढत राहिलात, तर चकती सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शात थांबते.

परिघाचा वेग १८८ मीटर प्रतिसेकंद. भरीव चकतीत सर्वाधिक ताण केंद्रात, सुमारे ११५ मेगापास्कल. मधोमध भोक पाडलंत, अगदी बोटभर का असेना, की त्याच्या कडेला ताण दुप्पट. म्हणून शाफ्ट आणि चकती एकाच फोर्जिंगमधून, म्हणजे ठोकून घडवलेल्या एकाच तुकड्यातून काढा. खरेदी विभाग किमतीवरून कुरकुरेल, कुरकुरू द्या. चकतीत की-वे (शाफ्टला अडकवायची खाच) तर नकोच. फोर्जिंगची अल्ट्रासॉनिक तपासणी गाभ्यापर्यंत करून घ्या. ओव्हरस्पीड चाचणी, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त वेगाने फिरवून पाहणं, २० टक्क्यांची ठेवलीत तर ताण ४४ टक्क्यांनी वाढतो. तो धरूनच स्टील निवडा, आणि चाचणी खड्ड्यात, झाकण लावून करा.

आता ब्रेक. पाच लाख अँपिअरचा तो प्रवाह चकतीला ३६,००० न्यूटन-मीटर टॉर्कने (पीळ देणाऱ्या बलाने) रोखतो आणि तेवढाच उलटा टॉर्क स्थिर भागावर येतो. पायाच्या बोल्टांच्या दोन ओळींत एक मीटर अंतर असेल, तर एका ओळीला साडेतीन टनांहून जास्त उचल बसते, तीही झटक्यात. बोल्ट मशीनच्या वजनावरून ठरवू नका.

ब्रश, म्हणजे फिरत्या चकतीला टेकून प्रवाह काढणारे ठोकळे, तांबे-ग्रॅफाइटचे घ्या. वेग घेताना ते उचललेले असावेत आणि हवेच्या दाबाने सगळे एकदम टेकावेत. एखादा आधी टेकला तर सगळा भार त्याच्यावर. ऑस्ट्रेलियात कॅनबेराला भौतिकशास्त्रज्ञ मार्क ऑलिफंट यांच्या ५०० मेगाज्यूलच्या होमोपोलर मशीनसाठी आधी ब्रशऐवजी द्रव सोडियम-पोटॅशियमच्या धारांचा बेत होता, शेवटी घन ब्रशच आले. मला त्यात नवल वाटत नाही.

बसबार, म्हणजे प्रवाह वाहून नेणारे धातूचे जाड बार, शेजारी-शेजारी नेऊ नका. जाणारा आणि येणारा बार १० सेंटिमीटरवर असतील, तर ते एकमेकांना दर मीटरला सुमारे ५० टनांनी ढकलतात. एकात एक नळ्या घाला, म्हणजे हे बल सर्व बाजूंनी सारखं विभागलं जातं. बेअरिंगखाली इन्सुलेशन द्या, नाहीतर प्रवाह गोळ्यांतून वाट काढेल.