पहिला फायटिंग रोबो बनवताय? आधी ड्राइव्ह, वेपन नंतर

आपल्याकडे कॉलेज फेस्टात रोबोवॉर म्हटलं की ८ नाहीतर १५ किलो, आणि फर्स्ट इयरची पोरं थेट त्यातच उडी घेतात, मग पैसे पण जातात आणि रोबो पहिल्याच मॅचला भंगारात. त्यापेक्षा बीटलवेट या छोट्या वजनगटापासून सुरू करा, ३ पाउंड म्हणजे १.३६ किलो, सॅकमध्ये मावतो.

वजनाचा हिशोब आधी एक्सेलात मांडा, स्क्रू-वायर सकट, शेवटी तेच नडतात. चॅसिसला एचडीपीई (चिवट प्लास्टिक) घ्या, किचनमधला पांढरा चॉपिंग बोर्ड बऱ्याचदा तोच असतो. ॲक्रिलिक दिसायला भारी पण एका फटक्यात तडकतं.

ड्राइव्हला, म्हणजे चाकं फिरवायला, दोन गिअर मोटर, ३एस लायपो (तीन सेलची बॅटरी, ११.१ व्होल्ट) आणि फॉरवर्ड-रिव्हर्सवाले ब्रश्ड ईएससी (मोटरचे स्पीड कंट्रोलर). लॅबमध्ये पडलेला तो लाल एल२९८ मोटर ड्रायव्हर बोर्ड नको, दोनेक व्होल्ट तोच खातो आणि मोटर जॅम झाली की तापतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तापकीर गल्लीत एक चक्कर मारलीत तर बराचसा माल मिळून जातो.

आता वेपन, म्हणजे गरागरा फिरणारं ब्लेड. सगळ्यांना आरपीएम वाढवायचा असतो, कारण स्पीड दुप्पट तर एनर्जी चौपट, बरोबरच आहे. पण ब्लेडचा दात (मारा करणारं टोक) समोरच्यात घुसला तर उपयोग ना! समजा ब्लेड १२००० आरपीएमवर आहे, म्हणजे सेकंदाला २०० फेऱ्या, आणि तुम्ही समोरच्यावर सेकंदाला २ मीटरने जाताय, तर एका फेरीत रोबो सरकतो १० मिलीमीटर. एकच दात असेल तर तो जास्तीत जास्त तेवढा आत जाणार, दोन असले तर ५च, आणि मग नुसतं घासत बसतं. म्हणून एक दात ठेवा, पलीकडे वजन देऊन बॅलन्स करा, आणि हळू वेपनवाल्याला कोणी हसलं तर हसू द्या.

मॅच हरतात ती बहुतेक वेळा वायर सुटून किंवा बॅटरी हलून. सोल्डरवर हॉट ग्लू, बॅटरीखाली फोम, लोखंडात जाणाऱ्या स्क्रूला थ्रेडलॉकर (स्क्रू ढिला होऊ न देणारा गोंद).

फेलसेफ मात्र ब्लेड काढूनच तपासा, रिमोट बंद केला की सगळं थांबलंच पाहिजे. पॉवर लिंक (काढली की बॅटरीची वीज तुटते ती पिन) बाहेरून काढता येईल अशी ठेवा, लायपो चार्जिंगला लावून झोपू नका, आणि ब्लेड लावून हॉस्टेलच्या रूमवर ट्रायल तर अजिबात नाही, त्यासाठी पॉलिकार्बोनेटचा बंद बॉक्स लागतोच.