गार हवा, तरी चिकट घर: एअर हँडलरचा माझा अनुभव

आमच्याकडे सेंट्रल एसी आहे. त्याचा घरातला भाग म्हणजे एअर हँडलर: आत हवा थंड करणारी कॉइल आणि ती हवा ढकलणारा पंखा, म्हणजे ब्लोअर. थर्मोस्टॅटवर २४ अंश दिसायचे, तरी अंगाला चिकचिक. चादरी दमट लागायच्या, आईला रात्री झोप लागेना. मी आणखी दोन अंश उतरवायचो. गारठा वाढायचा, ओल तशीच.

आधी फिल्टर काढला. त्यावर करडा थर साचला होता, बदलला. थोडा फरक पडला, पण मूळ दुखणं वेगळंच होतं. थर्मोस्टॅटवर पंखा 'ऑन'वर होता. म्हणजे कॉम्प्रेसर थांबला तरी ब्लोअर चालूच, आणि कॉइलवर जमलेलं पाणी निथळून जाण्याऐवजी पुन्हा हवेत मिसळून घरात. 'ऑटो' केलं, त्याच रात्री चादर कोरडी लागली.

मग ब्लोअरचा वेग. साधारणपणे एका टनाला मिनिटाला ४०० घनफूट हवा धरतात. दमट दिवसांत ती ३५० वर आणली की कॉइल जास्त थंड राहते आणि ओल जास्त खेचते. आमचं मशीन ३ टनांचं, म्हणजे १२०० वरून १०५०. मेन स्विच बंद करून पॅनल उघडलं. कंट्रोल बोर्डवर वेग ठरवणारे, नखाहून लहान पांढरे डिप स्विच. आधी फोटो काढून ठेवला, मग झाकणाच्या आतल्या तक्त्याप्रमाणे दोन खटके हलवले. तक्त्याबाहेर मात्र अजिबात जाऊ नका. हवा फार कमी पडली तर कॉइलवर बर्फ धरतो. मी दोन दिवस कॉइलकडून कॉम्प्रेसरकडे जाणारी जाड नळी तपासत होतो. तिच्यावर घाम होता, बर्फ नव्हता.

कॉम्प्रेसर थांबल्यावर ब्लोअर ९० सेकंद फिरायचा, तेही बंद केलं. आर्द्रता ६८ टक्क्यांवरून ५४ वर आली. आता २५ अंशांवरही आई पांघरूण मागते.