जेट बोटिंगच्या गटात नवी माणसं आणायची तर

न्यूझीलंडमध्ये नदीवर जाणारा तुमचा गट असेल, तर ‘ज्याची बोट, तोच सभासद’ ही समजूत आधी सोडा. प्रत्येक फेरीला एक जागा बोट नसलेल्या माणसासाठी राखा, आणि पेट्रोलचा खर्च वाटून घ्या.

नवख्याला पहिल्याच दिवशी वेगाचा थरार दाखवू नका, जेट बोट समजावून सांगा. न्यूझीलंडच्याच बिल हॅमिल्टन यांनी १९५०च्या दशकात ती विकसित केली, तिथल्या उथळ, गोट्यांनी भरलेल्या नद्यांसाठी. तळाखाली पंखा नाही. पाणी आत ओढून मागे जोरात फेकलं जातं. म्हणून वेगात असताना ती वीतभर पाण्यावरूनही निघते.

मग रुंद, शांत पाण्यात त्याच्या हाती स्टिअरिंग द्या. पण त्याआधी एक गोष्ट दोनदा सांगा: थ्रॉटल (इंजिनाचा वेग वाढवणारी कळ) सोडला की बोट वळत नाही. तिला वळवतो तो पाण्याचा झोतच. घाबरलेला माणूस नेमका थ्रॉटल सोडतो आणि बोट सरळ काठाकडे जाते. हे हाताला उमगेपर्यंत अरुंद पात्र नको.

ऑकलंडमधल्या मराठी मित्रांना बोलवायचं असेल तर १९७७ची गोष्ट सांगा. एडमंड हिलरी अशाच बोटींनी गंगासागरहून निघून गंगेच्या प्रवाहाविरुद्ध पार हिमालयात, नंदप्रयागच्या जवळपास पोचले होते. हे ऐकलं की प्रश्न आपोआप येतात.

आणि मुलांच्या मापाची लाइफ जॅकेटं गटाच्या पैशांतून घेऊन ठेवा. नाहीतर आख्खं कुटुंब काठावरूनच परततं.