वर्षाच्या आतलं कुत्रं, मुलं आणि तंबू: सह्याद्रीतल्या पहिल्या मुक्कामाची तयारी

आठ-नऊ महिन्यांचं कुत्रं दिसायला पुरतं वाढलेलं असतं, अंगात रग असते, पण थांबायचं कधी हे त्याला कळत नाही. मुलं दमली की बसतात, रडतात, खांद्यावर घ्या म्हणतात. कुत्रं मात्र तुमच्यामागे येतच राहतं. म्हणून वाट, वेळ आणि परत फिरायची जागा घरूनच ठरवून निघायचं, आणि ती ठरवताना हिशेब कुत्र्याचा करायचा.

कारण हाडांचं आहे. पायांच्या हाडांची टोकं वाढत असेपर्यंत मऊ असतात. लहान जातींत ती साधारण 9 ते 12 महिन्यांत पक्की होतात. लॅब, जर्मन शेफर्डसारख्यांना 15 ते 18 महिने, कधी त्याहून जास्त लागतात. तोवर त्रास चढापेक्षा उताराचा जास्त, कारण उतरताना सगळा भार पुढच्या पायांवर येतो. दर पायरीला उडी मारत उतरणं सगळ्यात वाईट. माणसांना सोपा वाटणारा किल्ला कुत्र्याला अवघड जातो तो इथे. कोरीगडाची वाट बरीचशी पायऱ्यांची आहे, तिकोन्याच्या शेवटच्या पायऱ्या तर माणसाच्याही गुडघ्याला येतात. त्यापेक्षा लोणावळ्याकडून राजमाचीला जाणारी मातीची गाडीवाट बरी. मात्र गावापर्यंत पोहोचायचा हट्ट नको. पाऊण तास चालायचं, सावलीत बसायचं, परत फिरायचं.

वयाच्या दर महिन्यामागे पाच मिनिटं सलग चाल, असा एक ठोकताळा सांगतात. त्याला फारसा शास्त्रीय आधार नाही, पण सुरुवातीला वापरायला चांगला आहे. आठ महिन्यांच्या कुत्र्याला 40 मिनिटं, मग मोठी विश्रांती. तयारी निदान सहा आठवडे आधी सुरू करा: पुण्यातल्या वेताळ टेकडीसारख्या घराजवळच्या टेकडीवर 30 मिनिटं, दर आठवड्याला 10 मिनिटं वाढवत, सलग मर्यादा संपली की मध्ये विश्रांती घेत. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी होते. उठताना पाय आखडले किंवा लंगडणं दिसलं, तर मागच्या आठवड्याच्या वेळेवर या.

लसींचं वेळापत्रक आधी पूर्ण हवं: पिल्लाच्या एकत्रित लसीचा शेवटचा डोस (साधारण 16 आठवड्यांना), रेबीज, आणि लेप्टोचे दोन्ही डोस. शेवटच्या डोसनंतर दोन आठवडे जाऊ द्या. लेप्टो उंदीर-गुरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून होतो, आणि डबकं दिसलं की तरुण कुत्रं आधी तोंड घालतं.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा. पावसाळ्यात ओढे आणि जळवा, मार्चनंतर तापलेला कातळ. हिवाळ्यातही दोन गोष्टी छळतात. एक खाजकुइली: तिच्या शेंगांवरची लव तोंडाला लागली की कुत्रं वेड्यासारखं तोंड घासत सुटतं. दुसरी कुसळं. वाळक्या कुसळी गवताचं टोक एकाच दिशेने आत शिरतं, कानात किंवा बोटांच्या बेचक्यात घुसलं की मागे येत नाही. घरी आल्यावर कुत्रं एकसारखं डोकं झटकत असेल किंवा एकच पंजा चाटत असेल, तर वाट न बघता डॉक्टर गाठा. कानात चिमटा घालायचा नाही.

कुठे न्यायचं नाही

अभयारण्यं आणि राष्ट्रीय उद्यानं सोडून द्या: भीमाशंकर, कळसूबाई-हरिश्चंद्रगड, कर्नाळा, बोरिवलीचं उद्यान. पाळीव कुत्र्यांकडून वन्यप्राण्यांना डिस्टेंपरसारखे रोग जातात, आणि कळसूबाईच्या लोखंडी शिड्या कुत्र्याला तशाही जमत नाहीत. पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातल्या किल्ल्यांवर आधी चौकशी करा. गडावर देऊळ असेल तर घरातलं एक माणूस कुत्र्याला घेऊन बाहेर थांबेल. खडकातल्या टाक्यात कुत्र्याला उतरू देऊ नका, ते पाणी कुणीतरी पिणार असतं.

सामान

छातीवर बसणारा, पाठीवर मूठ असलेला हार्नेस घ्या. नुसत्या गळपट्ट्याला धरून घसरत्या कुत्र्याला वर ओढलं तर गळा आवळतो. दोन मीटरचा साधा पट्टा पुरे. आपोआप गुंडाळणारा नको, त्याची दोरी झुडपात अडकते आणि मुलांच्या पायांना कापते. गळ्यात फोन नंबर कोरलेला बिल्ला. उतारावर पट्टा मोठ्यांच्याच हातात. दहा वर्षांच्या मुलाला पंधरा किलोचं कुत्रं सहज पाडतं. मुलांना काम हवंच असतं, त्यांना पाण्याची वाटी सांभाळू द्या.

दहा किलोच्या कुत्र्यासाठी चार-पाच तासांना एक लिटर पाणी वेगळं. दर 20-25 मिनिटांनी अर्धी वाटी. तहानेने वाटीभर एकदम ढोसून लगेच पळालं तर ओकतं. जेवण निघण्याआधी निदान दोन-तीन तास. मुक्कामाला नेहमीचंच खाणं, सव्वापट. मुलांच्या खाऊवर डोळा ठेवा: मनुका-बेदाणे आणि चॉकलेट विषारी, कांदा-लसूणही घातक, म्हणजे पोहे आणि पिठलंही बाद. रात्रीच्या चिकनची शिजलेली हाडं पिशवीत बांधून गाडीत.

उन्हाचं प्रकरण सगळ्यात घाईचं. कुत्रं मुख्यतः धापा टाकूनच अंग थंड करतं. तळहाताची मागची बाजू कातळावर सात सेकंद ठेवता आली नाही, तर त्याचे पंजे भाजणार. दहा वाजेपर्यंत चाल संपवा. जीभ रुंद होऊन बाहेर लोंबणं, घट्ट लाळ, अडखळती चाल दिसली की तिथेच थांबा, सावलीत न्या, पोट-जांघा-पंजे साध्या पाण्याने भिजवा आणि वारा घाला. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नका, उष्णता आत कोंडते. मग दवाखाना, ते सावरलेलं दिसलं तरी. पग, बुलडॉग असल्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना डोंगरात नेऊच नये.

साप चावला (बहुधा नाकाडावर किंवा पुढच्या पायावर, कारण हुंगायला तेच पुढे जातं) तर करकचून बांधणं, चिरा देणं काही नाही. उचलून आणा, चालवू नका. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर चावल्यानंतर द्यायची विषविरोधी लस एकच असते आणि ती कुत्र्यालाही देतात. कुठल्या दवाखान्यात ती ठेवतात, हे निघण्याआधी फोन करून विचारा.

रात्र

तंबू आधी घरी हॉलमध्ये लावा. दोन-तीन दिवस त्यात खाणं द्या, मग एक रात्र सगळे त्यात झोपा. ही तालीम टाळली की पहिल्या आवाजाला कुत्रं जाळीतून आरपार जातं. खाली जुनी सतरंजी घाला, नखांनी तळ फाटतो. चार माणसांचा म्हणून विकलेला तंबू कुत्र्यासह तिघांचा समजा. कुत्रं तंबूच्या खांबाला बांधाल तर सगळा तंबू घेऊन पळेल. तीन मीटर दोरी झाडाच्या बुंध्याला बांधा, तीही तुम्ही समोर असेपर्यंतच.

झोपायच्या वेळी कुत्रं आत, तंबूची चेन बंद. अकोले भागातल्या बिबट्यांच्या आहाराच्या अभ्यासात सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला होता. बाहेर बांधलेलं कुत्रं म्हणजे आमंत्रणच. रात्री लघवीला नेताना टॉर्च आणि पट्टा दोन्ही हवेत. पवना धरणाच्या काठावर शनिवारी डीजे आणि फटाके असतात, म्हणून पहिला मुक्काम मधल्या वारी करा. गावातली कुत्री अंगावर आली तर आपलं कुत्रं उचलू नका, ती तुमच्यावर उड्या मारतात. त्याला दोघा मोठ्यांच्या मध्ये घेऊन शांतपणे चालत राहा. मुलांना आधीच बजावा: पळायचं नाही, दगड उचलायचा नाही.

गोचिडांची गोळी निघण्याआधी दोन-तीन दिवस द्या. पण गोळीने गोचीड चावल्यावरच मरतो, म्हणून त्याच रात्री हाताने तपासा: कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, जांघेत, गळपट्ट्याखाली, शेपटीच्या मुळाशी. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा; रॉकेल नको, पेटती काडी नको. परतल्यावर तीन आठवडे लक्ष ठेवा. जेवण सोडलं, ताप आला, हिरड्या पांढुरक्या पडल्या किंवा लघवी गडद झाली, तर रक्त तपासायला न्या आणि डोंगरात गेलो होतो हे डॉक्टरांना आधी सांगा.